बेसिनवरची फळी

माझ्या दातांवर तारा बसल्या तेव्हा मी ४२ वर्षांची होते. वरचे दोन्ही सुळे हिरडीच्या कडेने पुढे आलेले, खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले, आणि हसताना तोंडावर हात नेण्याची सवय इतकी जुनी की हात केव्हा वर गेला हे मलाही कळत नसे. निफाड तालुक्यातल्या आमच्या घरात दुखेपर्यंत दाताकडे कोणी पाहत नसे. दुखला की लवंग धरायची, नाहीच थांबला तर नाशिकला जाऊन काढून टाकायचा, एवढाच त्याचा उपचार. वेडेवाकडे दात नाकाडोळ्यांसारखे जन्माबरोबर आलेले मानले जात. त्याचा दोष मी वडिलांना देत नाही. द्राक्षबागेच्या औषधफवारणीची उधारी फेडताना मुलीच्या दातांना तार लावण्याचा विचार त्या काळी आमच्या गावात कोणाच्याच मनात आला नसता.

तारा केवळ दिसण्यासाठी बसवल्या असे मी म्हणणार नाही, आणि दिसण्याचा विचारच नव्हता असेही म्हणणार नाही. खालच्या दातांच्या दाटीत ब्रश पोहोचत नव्हता, तिथे दगडासारखा थर साचत होता आणि सकाळी चूळ भरली की पाण्यात रक्ताची रेघ दिसत होती. गंगापूर रोडवरच्या ज्या डॉक्टरांकडे मी गेले, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "आधी हिरड्या नीट करू, तारांचं नंतर बघू. आजारी हिरडीतला दात हलवायला गेलो तर तो हातचा जाईल." पहिले तीन महिने दात साफ करून घेण्यात आणि घासायला नव्याने शिकण्यात गेले. त्या काळात माझा धीर सुटत होता. आज वाटते की त्या तीन महिन्यांवरच पुढची सगळी इमारत उभी राहिली.

माझ्या कागदांवर 'वर्ग २' अशी नोंद होती. म्हणजे वरच्या दाढांच्या मानाने खालच्या दाढा मागे बसलेल्या. ही तीन वर्गांची मांडणी एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली केली. दातावर चिकटवलेल्या ज्या चौकोनी खाचेच्या कड्यांमधून आजही तार ओवली जाते, त्यांची मूळ रचनाही त्याचीच, १९२८ सालची. कागद हातात धरून मी बसले होते आणि वाटत होते की माझ्या ज्या दातांना लहानपणी 'कसेतरी' याखेरीज दुसरे नाव नव्हते, त्यांना शंभरावर वर्षांपूर्वीच कोणीतरी नाव देऊन ठेवले होते. दाटी कमी करण्यासाठी चार उपदाढा काढाव्या लागल्या. धडधाकट दात काढायला मन घेत नव्हते. पण जबड्यात जागाच नव्हती, हे एक्स-रे पाहून मला पटले.

मग तो दिवस आला. दातांवर निळसर जेल लावले गेले, काही सेकंदांनी धुतले गेले, आणि वाळवलेला दात आरशात खडूसारखा पांढरा दिसू लागला. फॉस्फरिक ॲसिडने दाताचा वरचा पृष्ठभाग किंचित खडबडीत केला की त्यात चिकटद्रव्य रुतते, असे डॉक्टरांनी समजावले. एकेक ब्रॅकेट, म्हणजे तार ओवायची ती कडी, चिमट्याने ठेवून त्यावर निळा प्रकाश धरला जात होता. सगळ्यांत शेवटी तार आली. ती फक्त ०.०१४ इंच जाडीची होती, शिवणाच्या दोऱ्यासारखी. एवढीशी तार हाडातल्या दाताला काय हलवणार, असे मला वाटले.

उत्तर संध्याकाळी मिळाले. रात्री वरणभाताचा घाससुद्धा चावता येईना.

पुढच्या खेपेला मी विचारले तेव्हा डॉक्टरांनी त्याच जातीच्या तारेचा एक तुकडा थंड पाण्यात बुडवून बोटांनी मुरडला. तो मुरडलेलाच राहिला. मग तो कोमट पाण्यात टाकला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो सरळ होऊन आपल्या मूळ कमानीच्या आकारावर आला. निकेल आणि टायटॅनियम यांचा हा मिश्रधातू १९५९ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती लागला आणि १९७० च्या दशकात जॉर्ज अँड्रिसन यांनी तो दातांसाठी वापरात आणला. बागेत वाढलेल्या मला तारेवर बांधलेला वेल माहीत होता. तिथे तार जागच्या जागी असते आणि वेलाला तिच्याकडे वळवावे लागते. इथे उलटे होते. तारच आपला आकार आठवून परत निघालेली असते आणि वाटेत दाताला सोबत घेऊन जाते.

याचा एक उपयोग मला नाशिकच्या थंडीत झाला. तार थंड झाली की मऊ पडते, म्हणून पहिल्या काही महिन्यांत ठणका लागला की मी नळाच्या थंडगार पाण्याची चूळ तोंडात धरून उभी राहत असे, आणि क्षणभर सगळा जबडा शांत होई. डिसेंबरात पहाटे सहाला ते पाणी तोंडात धरणे सोपे नव्हते. त्यामागोमाग घेतलेला गरम चहा तार पुन्हा जागी करी. पुढे पोलादी तारा आल्या, तेव्हा ही सोय संपली.

पण ज्या गोष्टीने मला खऱ्या अर्थाने थांबवले, ती तारेची नव्हती, हाडाची होती. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जाडी साधारण पाव मिलिमीटर. दात एका बाजूला रेटला गेला की त्या बाजूच्या हाडाला दाब पोहोचतो आणि तिथल्या पेशी हाड विरघळवू लागतात. मागच्या बाजूला तंतू ताणले जातात आणि तिथल्या दुसऱ्या पेशी नवे हाड घालू लागतात. पुढे मोकळे होत जाते, मागे भरत येते, आणि दात महिन्याला फार तर मिलिमीटरभर सरकतो. जोर जास्त लावला तर तिथला रक्तपुरवठाच दबतो आणि दात अडून बसतो. म्हणून डॉक्टर "घाई करू नका" म्हणत, तेव्हा ते समजुतीचे बोलणे नव्हते, हाडाचा नियम होता. "दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं," असे त्या एकदा सहज म्हणाल्या. ते वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवले, पण त्याचा पुरता अर्थ मला घरी, आईच्या ताटाजवळ कळला. त्याविषयी पुढे सांगते.

डॉक्टरांचे काम चार-सहा आठवड्यांतून एकदा वीस मिनिटांचे. बाकीचे सगळे दिवस बेसिनपाशी माझे. तारा असलेल्या तोंडात अन्न अडकायला जागाच जागा असतात: ब्रॅकेटच्या चारही कडा, तारेखालचा बोगदा, शेवटच्या दाढेवरच्या नळीची मागची बाजू. आधी खळखळून चूळ भरायची, म्हणजे मोठे कण निघतात. मग ब्रश हिरडीच्या आणि ब्रॅकेटच्या मधल्या पट्टीवर तिरका, केस हिरडीकडे झुकवून. नंतर ब्रॅकेटच्या खालून, केस वर करून. मग आतली बाजू, जिथे तार नसते म्हणून हमखास दुर्लक्ष होते. मग बाटली घासायच्या ब्रशचे पिल्लू शोभेल असा तो छोटा इंटरडेंटल ब्रश, एकेका तारेखालून वरून खाली. मी घड्याळ लावून पाहिले होते. पहिल्या महिन्यात मला अकरा मिनिटे लागत. नंतर हात बसला तरी सात मिनिटांखाली मी कधी आले नाही, आणि सात मिनिटांपेक्षा कमी वेळात हे नीट होते यावर माझा विश्वास नाही.

एकदा मी असे मनापासून दात घासून, अगदी निर्धास्तपणे खुर्चीत जाऊन बसले. डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्याने दातांवर एक गुलाबी द्रव लावले, चूळ भरायला सांगितले आणि आरसा हातात दिला. स्वच्छ भागावरचा रंग धुऊन गेला होता. उरलेला रंग प्रत्येक ब्रॅकेटच्या वर, हिरडीलगत, बारीक चंद्रकोरीसारखा थांबला होता. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, रंगाच्या हौदात, उडी घेतलेल्या माणसाने कितीही अंघोळ केली तरी नखांच्या कडेला रंग राहतो, तसा तो दिसत होता. त्या एका दर्शनाने मला जे शिकवले, ते वर्षभराच्या सूचनांनी शिकवले नव्हते. आपण कुठे पोहोचत नाही हे आपल्याला ठाऊक नसते.

तरीही माझ्याकडून चूक झालीच. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे दिवस होते आणि लागूनच दिवाळी आली. रात्री उशिरापर्यंत जागायचे, दर दीड-दोन तासांनी साखरेचा चहा घ्यायचा, आणि अंथरुणावर पडताना "सकाळी घासू" म्हणायचे. असे तीन-चार आठवडे गेले. गोड खाल्ले की दातांवरच्या थरातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते निवळायला लाळेला अर्धा तास तरी लागतो. दर दीड तासाला चहा म्हणजे दात दिवसभर आम्लातच. दिवाळीनंतरच्या भेटीत वरच्या डाव्या सुळ्यावर, ब्रॅकेटच्या कडेला, खडूसारखा पांढरा डाग दिसला. दाताच्या त्या कवचात पेशी नसतात, त्यामुळे ते कातडीसारखे पुन्हा भरून येत नाही. फ्लोराइडने तो भाग काहीसा कडक होतो, डाग थोडा निवळतो, एवढेच. मला त्या दिवशी फार वाईट वाटले. ज्या सुळ्याला जागेवर आणण्यासाठी एवढा खटाटोप मांडला होता, त्याच्यावरच माझ्या आळसाची खूण उमटली होती. त्यानंतर मी दिवसाचे चहा दोनवर आणले, तेही जेवणाला लागून.

खाण्याचे म्हणाल तर नाशिकमध्ये राहून तारा सांभाळणे हा मोठाच संयम आहे. चिवड्यातले शेंगदाणे आणि तळलेला कांदा बंद, गोदाकाठच्या गाड्यावरचा पेरू बंद, बोरे, ऊस, हरभऱ्याचे भाजलेले टहाळे बंद. मिसळ चालते, फरसाण रश्श्यात भिजू द्यायचे आणि पाव बुडवून खायचा. पण तार ब्रॅकेटला बांधून ठेवणाऱ्या बारीक रबरांना हळद सोडत नाही. पहिल्या वेळी मी हौसेने पारदर्शक रबरे घेतली होती. तिसऱ्या दिवशी ती आंब्याच्या रसासारखी पिवळी झाली आणि पुढच्या खेपेपर्यंत तशीच राहिली. आपल्या घरात जेवणाऱ्या माणसाने करडी रबरे घ्यावीत. द्राक्षांना मात्र काही आडकाठी नव्हती, आणि भाऊ बागेतून पेटी घेऊन आला की त्याचा मला मनापासून आनंद होई.

संक्रांतीला एका घरी हातावर ठेवलेली पाकातली तिळाची वडी मी न विचार करता दाढेखाली घेतली. 'कट' असा बारीक आवाज झाला. खालच्या उपदाढेवरचे ब्रॅकेट सुटून तारेवर मण्यासारखे फिरू लागले होते. मला वाटले, चिकटवले की झाले. पण मी तीन दिवसांऐवजी दहा दिवसांनी गेले, तोवर तो दात आपल्या जुन्या वळणाकडे थोडा परतला होता. जाड तार काढून पुन्हा बारीक तारेपासून सुरुवात करावी लागली. एका वडीपायी आणि माझ्या दहा दिवसांच्या टाळाटाळीपायी दीड महिना गेला. मेणाची डबी, छोटा आरसा आणि तो बारीक ब्रश माझ्या पर्समध्ये कायमचे आले ते तेव्हापासून. रात्रीच्या प्रवासात तारेचे मागचे टोक गालात रुतू लागले की मटाराएवढा मेणाचा गोळा त्यावर दाबून बसवण्यासारखे सुख नाही.

मी मराठी शिकवते. तारांमुळे उच्चार फारसे बिघडले नाहीत, पण तोंडाकडे लक्ष गेल्यामुळे जीभ कुठे टेकते याकडेही गेले. 'चार' म्हणताना जीभ टाळूला टेकते आणि 'चाक' म्हणताना दातांच्या मुळाशी येते, हे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत होते. ते स्वतःच्या तोंडात नीट जाणवले ते तारा असताना. वर्गातली एक नववीतली मुलगी सुरुवातीपासून माझ्या दातांकडे बघत असे. एका मधल्या सुट्टीत ती दारात थांबली आणि ओठ मिटूनच म्हणाली, "बाई, दुखतं का हो?" तिचेही दात पुढे आलेले होते, तिचाही हात तोंडापाशी होता. मी तिला "नाही" म्हटले नाही. पहिले दोन-तीन दिवस दुखते, आठवड्यात निवळते, हे सांगितले. आणि दुखण्यापेक्षा घासण्याचे काम मोठे आहे, हेही सांगितले. मग शिक्षकखोलीच्या बेसिनपाशी तिला तो बारीक ब्रश तारेखालून कसा जातो ते दाखवले. तिने वाकून, अगदी जवळून पाहिले. तिचा हात तेवढा वेळ खाली होता.

आता आईविषयी. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे नाशिकला असते. तारा बसल्या त्या रात्री तिने विचारले होते, "आता या वयात कशाला गं हा जाच?" पहिला आठवडा मी भाकरी कुस्करून, कालवणात भिजवून, जिभेने दाबून खात होते. समोर आईचे ताटही तसेच, भाकरी कुस्करलेली. फरक एवढाच की माझे ते आठवड्यापुरते होते आणि तिचे चौदा वर्षांपासून. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मिश्री लावत होती. मळ्यात काम करणाऱ्या आमच्याकडच्या कितीतरी बायका लावत. तव्यावर तंबाखू भाजून काळी केलेली ती पूड बोटावर घेऊन सकाळी, दुपारी, रात्री. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हिरडी आजारी असूनही रक्त फारसे येत नाही आणि आजार झाकून राहतो. तिचे दात किडले नव्हते, ते सैल होऊन एकामागून एक निघाले. सत्तावन्नाव्या वर्षी तिला कवळी बसली.

आईच्या कवळीची खालची बाजू अलीकडे सारखी सुटत होती, म्हणून मी तिला माझ्याच डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिच्या खालच्या जबड्यावरून बोट फिरवले आणि मलाही फिरवून पाहायला सांगितले. जिथे हाडाची उंच कड असायला हवी होती, तिथे जवळजवळ सपाट होते. दात गेले की त्यांच्याभोवतीच्या हाडाला काही काम उरत नाही आणि ते वर्षागणिक झिजत जाते, खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा अधिक. वहीतले ते वाक्य तेव्हा माझ्या बोटाखाली आले. माझ्या तोंडात जे हाड दाताच्या मागोमाग मिलिमीटर मिलिमीटर नव्याने भरत होते, तेच हाड आईच्या तोंडात दातांची वाट पाहून निघून गेले होते. मी तिच्या तोंडातून बोट काढले तेव्हा ती म्हणाली, "काय गं, एवढं काय झालं?" मला काही बोलता आले नाही.

तिने मिश्री सोडली ती दात गेल्यावर. त्याआधी तिला कोणी काही सांगितलेच नव्हते, आणि मीही घरात असून सांगितले नव्हते. मला माहीत नव्हते, हे खरे आहे. पण मी तिच्या तोंडाकडे कधी पाहिलेही नव्हते.

माझ्या तारा २६ महिन्यांनी निघाल्या. दात गुळगुळीत लागत होते आणि जीभ दिवसभर त्यांच्यावरून फिरत होती. काम मात्र संपले नव्हते. हिरडीतले तंतू दाताच्या नव्या जागेशी जुळायला वर्षभर तरी घेतात आणि तोवर दाताला मागे ओढत राहतात. खालच्या दातांना आतून एक बारीक तार चिकटवली आहे. वरच्यासाठी टाळूवर बसणारे, पुढे तार असलेले रिटेनर आहे, चार्ल्स हॉले यांनी १९१९ साली सुचवलेल्या धर्तीचे. पहिले काही दिवस त्यामुळे 'चार' माझ्या तोंडून जाड निघत होते आणि 'चाक' ठीक. ते रिटेनर आणि आईची कवळी, दोन्ही ॲक्रिलिकची. दोन्ही गरम पाण्यात टाकायची नाहीत, दोन्ही सुकू द्यायची नाहीत, दोन्ही मऊ ब्रशने धुवायची.

आईचा हात आता थरथरतो, म्हणून रात्री दोन्ही मीच धुते. बेसिनला बूच लावून अर्धे पाणी भरून घेते, म्हणजे हातातून निसटले तरी पाण्यात पडेल, तुटणार नाही. आई शेजारी स्टुलावर बसून असते. कवळी तिच्या स्टीलच्या डबीत पाण्यात ठेवून झाली की ती म्हणते, "दाखव." हे तिने स्वतःहून सुरू केले. मी वाकून ओठ मागे घेते. ती चष्मा लावून एकेक दात पाहते, मग पदराच्या टोकाने माझ्या डाव्या सुळ्यावरचा तो पांढरा डाग पुसून बघते.

"निघत नाही का गं हा?"

"नाही, आई."

ती पदर पाण्यात बुडवते आणि पुन्हा एकदा पुसून बघते.